पाळणाघराचे पैसे कोणाच्या पगारातून वजा करायचे?

काटकोन (धागाकर्ता)

मूल झालं की घराघरात एक वजाबाकी होते. "तुझा पगार एवढा, पाळणाघर आणि जाण्यायेण्याचा खर्च एवढा, हातात उरणार काय? त्यापेक्षा तू काही वर्षं घरीच थांब." असं म्हणणारी माणसं वाईट नसतात. बऱ्याचदा बाई स्वतःच हा हिशेब मांडते आणि राजीनामा देऊन मोकळी होते.

हा हिशेब मला कायम अर्धवट वाटत आला आहे, म्हणून हा धागा.

अर्थशास्त्राला घराच्या आत काय चालतं यात फार काळ रस नव्हता. गॅरी बेकरने १९६५ च्या निबंधात ते दार उघडलं. त्याचं म्हणणं असं, की घर फक्त खर्च करत नाही, ते उत्पादनही करतं. बाजारातून आणलेल्या वस्तू आणि घरातल्यांचा वेळ एकत्र आला की त्यातून जेवण, स्वच्छता, आजारपणातली शुश्रूषा, वाढलेली मुलं असं सगळं तयार होतं. त्यामुळे घरात घालवलेला तास फुकटचा नसतो. त्या तासात बाहेर जे कमावता आलं असतं ती त्याची किंमत. पुढे १९८१ मध्ये त्याने मांडलं, की दोघं अगदी सारख्या कुवतीची असली तरी एकाने बाहेरचं आणि एकाने घरचं असं काम वाटून घेतलं तर दोघांचा मिळून फायदाच होतो, कारण सतत जे करावं त्यात हात बसतो. १९९२ साली त्याला नोबेल मिळालं.

इथवर सगळं चोख आहे. फक्त बाहेर कमावलेलं कौशल्य खिशात घालून माणूस कुठेही जाऊ शकतो. हे बाळ कशाने झोपतं, सासऱ्यांना कुठलं औषध सोसत नाही, कुठल्या कागदाची मुदत कधी संपते, हे ज्ञानही वर्षानुवर्षं कमावलेलंच असतं, पण त्या घराच्या उंबऱ्याबाहेर त्याला कोणी पगार देत नाही. म्हणजे फायदा "दोघांचा मिळून" आणि जोखीम एकाची.

तर माझे प्रश्न: मूल दोघांचं असताना पाळणाघराचा खर्च तिच्याच पगाराखाली का लिहिला जातो? आणि हिशेब फक्त चालू वर्षाचा का? तुमच्या घरी हे कसं ठरलं, तेही लिहा.

उणे एक

वाचताना बरं वाटतं, पण गणित म्हणून पहिल्या प्रश्नात दम नाही. तिचा पगार १००, त्याचा १३०, पाळणाघर ८० धरू. दोघं नोकरीत राहिले तर २३० वजा ८०, म्हणजे १५०. ती घरी थांबली तर १३०. फरक २०. ते ८० तिच्यातून वजा करा नाहीतर त्याच्यातून, घराची बेरीज तीच राहते. तो घरी थांबला तर १०० च उरतात, म्हणजे ५० चं नुकसान. ज्याचा पगार कमी त्याने थांबायचं, यात स्त्री-पुरुष कुठून आले?

काटकोन

@उणे एक, बेरीज तीच राहते हे मान्यच. पण तुम्ही तिसरी ओळ लिहिलीत, "तो घरी थांबला तर". किती घरांत ही ओळ कागदावर येते? खर्च तिच्या नावाखाली टाकला की ती ओळ लिहायची गरजच उरत नाही. पगार समान असले किंवा तिचा जास्त असला तरी वजाबाकी तिच्याच पगारातून होताना मी पाहिली आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्या की. तुमचेच आकडे पुढे न्या.

रिकामटेकडी

मी ती वजाबाकी केलेली बाई. आयडीवरून कळलंच असेल. :)

पश्चात्ताप वगैरे नाही, मुलगी लहान असतानाची ती वर्षं मला हवीच होती. नवराही चांगला आहे. एक छोटी गोष्ट सांगते. ऑनलाइन काही घेतलं की ओटीपी त्याच्या फोनवर जातो, कारण खातं त्याचं आहे. मी फोन करते, तो मीटिंगमधूनही बाहेर येऊन आकडे सांगतो. आजवर एकदाही "कशाला?" म्हणालेला नाही. तरी फोन लावला की मी आधी वस्तूचं नाव सांगते, मग किंमत, मग "सेल आहे म्हणून घेतेय" असं म्हणते आणि मग ओटीपी मागते. हे त्याने मला कधीच सांगितलेलं नाही. नोकरी होती तेव्हा मी स्वतःच्या पैशांनी याच्या दुप्पट वायफळ खर्च करायचे आणि कोणाला पत्ताही नसायचा.

मुलीची पुस्तकं घेताना मात्र मी किंमत सांगत नाही. ते आपोआप होतं.

जुने खोड

धागा वाचून थोडं वाईट वाटलं. संसार म्हणजे वाटाघाटीचं टेबल नव्हे हो. आमच्याकडे पगार झाला की कपाटाच्या एका खणात जायचा, ज्याला लागेल तो घ्यायचा. तुझं-माझं कधी केलं नाही. माझ्या नोकरीच्या काळात घरी काय खर्च झाला हे मी विचारलं नाही आणि आमच्या सौभाग्यवतींनीही कधी तक्रार केली नाही. हल्ली सगळ्याला किंमत लावायची सवय लागली आहे, म्हणून हे प्रश्न पडतात.

निशिगंधा_

@जुने खोड, खणाची किल्ली कोणाकडे असायची, काका? (खवचटपणा नाही, खरंच विचारतेय.)

त्रयस्थ

रिकामटेकडी यांचा ओटीपी आणि जुने खोड यांचा खण, या दोन गोष्टींमध्येच या विषयातला सगळा वाद सामावला आहे. जरा सविस्तर लिहितो.

जुने खोड म्हणतात ते घराचं पहिलं प्रतिमान. घर म्हणजे एक मन आणि एक पाकीट. १९५६ मध्ये अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएल्सनने विचारलं, की घरातल्या वेगवेगळ्या माणसांच्या आवडी मिळून घराची एकच आवड कशी बनते? त्याचं उत्तर होतं, की घरातले एकमताने वाटप करतात असं धरून चालू. बेकरने त्यात एक परोपकारी कुटुंबप्रमुख बसवला. तो सगळ्यांना देता राहिला तर स्वार्थी पोरसुद्धा घराच्या भल्याचंच वागेल, कारण घराची मिळकत वाढली तर त्याचाही वाटा वाढतो. कागदावर देखणं आहे हे. मात्र त्यासाठी प्रमुखाच्या हातात वाटायला पुरेसं हवं आणि शेवटचा शब्द त्याचाच हवा.

१९८० मध्ये मॅन्सर आणि ब्राउन, १९८१ मध्ये मॅकएलरॉय आणि हॉर्नी यांनी हे सोडून दिलं. नवरा-बायको ही दोन माणसं आहेत, दोघांच्या आवडी वेगळ्या, ती एकमेकांशी घासाघीस करतात. त्या घासाघिशीत कोणाचं पारडं जड राहील, हे "जमलंच नाही तर माझं काय होईल?" यावर ठरतं. पगार, स्वतःच्या नावावरची मालमत्ता, माहेरचा आधार, कायदा या सगळ्याचा परिणाम इथे होतो. जमलं नाही तर एकदम घटस्फोटच हवा असंही नाही. लुंडबर्ग आणि पोलाक यांनी १९९३ मध्ये फार मार्मिक मुद्दा मांडला: बहुतेक घरांत भांडण विकोपाला गेलं की कोणी वकिलाकडे जात नाही. जो तो आपापल्या कामापुरतं बघतो. अबोला, ताटात जेवण, खात्यात पैसे, बाकी काही नाही. त्या अबोल्यात कोणाचं किती अडतं, यावरून एरवीच्या गोडीगुलाबीतलं वाटप ठरतं.

म्हणूनच रिकामटेकडी यांच्या नवऱ्याला "कशाला?" असं विचारावंच लागत नाही. घासाघीस बोलून होत नसते. ती किंमत आधी सांगण्यात होऊन गेलेली असते.

रिकामटेकडी

@त्रयस्थ, हे वाचून मी नवऱ्याला वाचायला दिलं. तो म्हणाला, "मग खातं जॉइंट करू." मी म्हटलं करू, पण ओटीपी कोणाच्या फोनवर येणार? त्याला हसू आलं. मला तितकंसं नाही आलं.

शंकेखोर

इथे सगळे डोलायला लागले आहेत, म्हणून विचारतो. हे मॉडेल झालं. खरोखरच्या घरांत पैसा कोणाच्या हातात पडतो याने फरक पडतो, याला पुरावा काय? नवरा-बायको दोघंही मुलांवर सारखंच प्रेम करत असतील तर पैसा याच्या हातात गेला काय नि तिच्या हातात गेला काय.

त्रयस्थ

पुरावा आहे. ब्रिटनमध्ये मुलांसाठीचा सरकारी भत्ता आधी बहुतांशी वडिलांच्या पगारातल्या करसवलतीतून मिळायचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तो थेट आईच्या हातात जाऊ लागला. घरात येणारा पैसा साधारण तेवढाच, फक्त हात बदलला. लुंडबर्ग, पोलाक आणि वेल्स यांनी १९९७ मध्ये दाखवलं, की त्यानंतर पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला. घर जर खरोखर एकच पाकीट असतं तर असं व्हायचं कारण नव्हतं.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्यात प्रेमाचा प्रश्नच येत नाही. बुर्किना फासोमध्ये एकाच कुटुंबात नवऱ्याची आणि बायकोची शेतं वेगळी असतात. क्रिस्टोफर उड्रीने १९९६ मध्ये दाखवलं, की त्याच घरात, त्याच वर्षी, तेच पीक असलं तरी बायकांच्या शेतातला उतारा बराच कमी येतो, कारण खत आणि मजुरी पुरुषांच्या शेताकडे जास्त वळते. खताचा थोडा भाग इकडून तिकडे टाकला असता तरी घराचं एकूण पीक वाढलं असतं. तरी तसं होत नव्हतं. घर आपल्या फायद्याचं तेच करतं, या समजुतीला याने चांगलाच धक्का बसला.

अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लोने दक्षिण आफ्रिकेतल्या वृद्धांच्या पेन्शनवर २००३ मध्ये लिहिलं आहे. पेन्शन आजीला मिळाली तर घरातल्या नातींची वाढ सुधारली, आजोबांना मिळाली तर तसा फरक दिसला नाही.

शंकेखोर

मोरोक्को सांगायला विसरलात! तिथे मुलांच्या शिक्षणासाठी दिलेली रक्कम काही ठिकाणी वडिलांना दिली, काही ठिकाणी आईला. निष्कर्ष २०१५ मध्ये आले आणि कोणाला दिली याने जवळपास काहीच फरक पडला नाही. केनियात थेट रोख रक्कम देण्याचा प्रयोग झाला (हाऊसहोफर आणि शापिरो, २०१६), तिथेही नवऱ्याला की बायकोला यावरून खर्चात फारसा फरक दिसला नाही. "बाईच्या हातात पैसा द्या, घर सुधारेल" हे पोस्टरवर छापायला छान आहे.

त्रयस्थ

रास्त आहे, हे सांगायलाच हवं होतं. मोरोक्कोतली रक्कम लहान होती आणि ती शिक्षणासाठी आहे असं सांगूनच दिली होती. हेतू आधीच ठरला की कोणाच्या हातात दिली याला कमी महत्त्व उरतं, असा एक अर्थ लावता येतो. एकदाच मिळालेली रक्कम आणि आयुष्यभराचं उत्पन्न यांतही फरक आहे. मी एवढंच म्हणेन, की घर नेहमी एक पाकीट असतं हे टिकत नाही आणि आई नेहमी देवी असते हेही टिकत नाही.

घरकोंबडा

मी इथला उलटा नमुना. बायकोचा पगार माझ्याहून जास्त होता, म्हणून मीच थांबलो. उणे एक यांची तिसरी ओळ आमच्याकडे लिहिली गेली.

रिकामटेकडी, तुमचं ते किंमत आधी सांगणं मला तंतोतंत लागू आहे. हेडफोन घेताना मी तिला त्याचे तीन फायदे सांगितले, त्यातला एक "मुलगा झोपलेला असताना आवाज होणार नाही" हा होता. म्हणजे हा बाईपणाचा गुण नसावा, खातं कोणाचं आहे याचा असावा.

पण एक फरक आहे आणि तो मान्य करायला हवा. मी मुलाला घेऊन बागेत गेलो की लोक कौतुक करतात. बायको ऑफिसातून उशिरा आली की तेच लोक तिला "मुलगा शोधत असेल ना?" विचारतात. मला शाबासकी आणि तिला टोमणा, आणि घरी आल्यावर ती त्याची भरपाई म्हणून माझ्या हातातलं काम काढून घेते. अमेरिकेतल्या आकड्यांवर बर्ट्रांड वगैरेंचा २०१५ चा एक अभ्यास आहे, त्यात बायकोची कमाई नवऱ्याहून जास्त झाली की ती घरकाम कमी करण्याऐवजी जास्त करते असं निघालं होतं. त्या अभ्यासातल्या दुसऱ्या एका निष्कर्षावर नंतर बरीच टीका झाली. पण हा भाग आमच्या स्वयंपाकघरात मी रोज बघतो.

निशिगंधा_

अवांतर: यंत्रं आली, आता घरकाम उरलंय कुठे, असं म्हणणाऱ्यांसाठी. जोआन व्हॅनेकने १९७४ मध्ये अमेरिकेतले जुने आकडे तपासले. नोकरी न करणाऱ्या गृहिणी १९२० च्या दशकात आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करत होत्या आणि १९६० च्या दशकात, धुलाई यंत्रं आल्यावर, सुमारे ५५ तास. कपडे धुणं सोपं झालं तसे ते जास्त वेळा धुतले जाऊ लागले. शिवाय खरेदी आणि मुलांची ने-आण वाढली. वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो हेही घासाघिशीनेच ठरत असणार.

उणे एक

काटकोन यांनी आकडे पुढे न्यायला सांगितले होते, नेले.

तिचे १०० दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतात असं धरलं तर चार वर्षांनी साधारण १२१ होतात. चार वर्षं घरी राहून परत गेली तर समजा ८५ वर रुजू झाली (हा माझा अंदाज, क्षेत्रानुसार वेगळा असेल). पाळणाघर चार वर्षांनी संपलं. घरी थांबल्याने त्या चार वर्षांत घराला वर्षाला २० चा, म्हणजे एकूण फक्त ८० चा तोटा झाला. तिची पगारवाढ धरली तर आणखी जास्त. इथपर्यंत "उरतं काय" हे म्हणणं खरं आहे. पण पाचव्या वर्षापासून दरवर्षी ३६ चं भोक पडतं आणि ते निवृत्तीपर्यंत चालतं, कारण पुढच्या वाढीही त्या खालच्या आकड्यावर मिळतात. पाचव्या, सहाव्या आणि सातव्या वर्षातच पहिल्या चार वर्षांपेक्षा जास्त नुकसान होतं. वर निवृत्तिवेतनातली तूट आहेच.

दुसऱ्या प्रश्नात दम आहे. चालू वर्षाचा ताळेबंद मांडून तीस वर्षांचा निर्णय घेतला जातो.

त्रयस्थ

@उणे एक, सुंदर. डेन्मार्कमध्ये पाळणाघरं स्वस्त, रजा भरपूर. तरीही तिथे क्लेव्हन आणि सहकाऱ्यांनी (२०१९) दाखवलं, की पहिल्या मुलानंतर बायकांची कमाई पुरुषांच्या तुलनेत घसरते ती दीर्घकाळ सुमारे २० टक्के खालीच राहते. वडिलांच्या आलेखात मूल कधी झालं ते शोधूनही सापडत नाही.

नॉर्वेने १९९३ मध्ये पालकत्वाच्या रजेतले चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखून ठेवले. त्यांनी घेतले नाहीत तर ते वाया जातात, आईला मिळत नाहीत. त्याआधी रजा घेणारे बाप अगदी मोजके होते, काही वर्षांत बहुसंख्य घेऊ लागले. "साहेब काय म्हणतील" ही भीती सगळ्यांचीच कमी झाली असावी.

जुने खोड

निशिगंधा, किल्ली माझ्याकडे असायची. दुसरी तिच्याकडेही होती. पण पगार वाढला की किती वाढला हे तिला माझ्याकडूनच कळायचं, हे खरं. स्वतःचं असं तिने काही मागितल्याचं मला आठवत नाही. आजवर मी याला समाधान समजत आलो.

तरीही मी म्हणेन की रोज हिशेब करत बसलं तर माणसं एकत्र राहणार नाहीत.

घरकोंबडा

@जुने खोड, रोज नको, एकदाच करा. आम्ही मी नोकरी सोडायच्या आधी केला. मी घरी असेन तितके महिने बायको माझ्या नावाने निवृत्तीसाठी ठरलेली रक्कम भरते, घरखर्चाच्या आधी. ती घरखर्चाला नाही आणि हातखर्चालाही नाही, माझं जे बुडतंय त्यातला थोडा भाग भरून काढायला आहे. शिवाय दोघांच्या खात्यात दरमहा सारखी रक्कम जाते, तिचा हिशेब कोणी कोणाला द्यायचा नाही. बाकी सगळं एकत्र. हेडफोनचा किस्सा हे ठरायच्या आधीचा.

नाती बिघडतील म्हणून लोक हे बोलत नाहीत. बोलण्याची योग्य वेळ राजीनाम्याच्या आधीची असते. नंतर बोलायला गेलं की ती मागणी वाटते, हे त्रयस्थ म्हणतात त्या पारड्याचंच प्रकरण.

कोरा कागद

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. धागा नवरा-बायकोवर आहे, पण आमच्याकडे हीच वजाबाकी भावंडांत झाली. आईवडील आजारी पडले तेव्हा "ताईचा पगार सगळ्यांत कमी, तिने थांबावं, आम्ही पैसे पाठवू" असं ठरलं. पैसे येतात, वेळेवर येतात. पण ताईची नोकरी गेली आणि वय वाढलं. उद्या आईवडील नसतील तेव्हा पैसे यायचं कारणही नसेल. घर तिघांच्या नावावर समान होणार आहे. यात कोणी खलनायक नाही. काय करता येतं?

त्रयस्थ

@कोरा कागद, अगदी तेच गणित आहे, फक्त इथे बंधन आणखी सैल, कारण भावंडांत लग्नासारखा करार नसतो. बर्नहाइम, श्लायफर आणि समर्स यांचा १९८५ चा एक जरा बोचरा अभ्यास आहे: मागे ठेवण्यासारखी मालमत्ता असलेल्या आईवडिलांशी मुलं जास्त संपर्क ठेवतात, पण मुलं एकाहून जास्त असतील तरच. तुमच्या ताईने मालमत्तेकडे बघून काही केलेलं नाही, म्हणून तर तिचा वाटा समानच राहिला.

उणे एक

आकड्यात बोलायचं तर तिघांनी ताईचा बुडालेला पगार वर्षाला किती ते आधी लिहावं, पाठवलेले पैसे त्यातून वजा करू नयेत. ते आईवडिलांच्या खर्चाचे आहेत, ताईच्या पगाराचे नाहीत. इथेच बहुतेक घरं दोन रकाने एकत्र करतात.

काटकोन

आणि हे आईवडील शुद्धीत असताना, त्यांच्यासमोर करा. इच्छापत्रात समान ऐवजी न्याय्य वाटा लिहायचा असेल तर तो त्यांनीच लिहायला हवा. भावांनी नंतर मोठं मन दाखवण्यावर ताईला अवलंबून ठेवू नका. घराच्या वाट्याचं जमत नसेल तर घरकोंबडा यांच्यासारखं आत्तापासून तिच्या नावाने दरमहा भरायला सुरुवात करा. भाऊ तयार होतील का? तुम्ही भावांपैकी एक आहात की ताईच आहात, यावर सुरुवात कोणी करायची ते ठरेल.

कोरा कागद

धाकटा भाऊ आहे. रविवारी दादाला फोन करतो. उणे एक, ते दोन रकाने मांडून देता का, म्हणजे त्याला तसंच पाठवता येईल.